बाळाचा पहिला स्वेटर, फक्त सुलट टाक्यांत

मी विणलेला पहिला स्वेटर ज्या बाळासाठी होता, त्याच्या अंगात तो कधी गेलाच नाही. नवजात बाळाचं माप धरलं, हौसेनं वेण्यांची नक्षी निवडली, चार वेळा उसवला, आणि शेवटची बाही शिवून होईपर्यंत बाळ रांगायला लागलं होतं. त्यात गळा इतका तंग की डोकंच आत जाईना. तो स्वेटर आता एका बाहुलीच्या अंगात आहे.

दुसऱ्या खेपेला मी नक्षी, उलट टाका, वेगळ्या विणलेल्या बाह्या, मुंढ्याची कापणी असं सगळं सोडून दिलं. उरला तो एक सुलट टाका आणि थोडी मोजदाद. त्या स्वेटरची कृती खाली देते आहे. तो पुढून उघडा, बटणांचा आणि अखंड एका तुकड्यात विणलेला आहे. पाठीच्या खालच्या काठापासून सुरुवात करायची, वर जाता जाता दोन्ही बाजूंना बाह्यांचे टाके वाढवायचे आणि खांद्यावरून पुढे उतरून दोन पुढचे भाग विणायचे. जमिनीवर पसरला तर इंग्रजी टी अक्षरासारखा दिसतो. मग दोन्ही बगलांखाली एकेक शिवण घातली की झालं.

तुम्हाला चार गोष्टी यायला हव्यात: सुईवर टाके घालणं, सुलट टाका, दोन टाके एकत्र विणणं आणि टाके बंद करणं. यातलं काहीच येत नसेल तर आधी उरल्यासुरल्या लोकरीवर दोन-तीन संध्याकाळी हात बसवा. वाचून टाका कळत नाही. कुणाच्या तरी हाताकडे बघूनच तो कळतो, मग समोर बसून असो की व्हिडिओत.

१. माप: बाळ आज केवढं आहे ते विसरा

या स्वेटरमध्ये साधारण पंधरा हजार टाके आहेत. नवख्या हाताचा वेग मिनिटाला पंधरा टाके धरला तरी सोळा-सतरा तास होतात. रोज अर्धा तास मिळत असेल तर महिना सहज गेला. तेवढ्यात बाळ थांबून राहत नाही. म्हणून स्वेटर हातावेगळा होईल तेव्हा बाळ केवढं असेल, ते माप धरायचं.

इथलं माप तीन ते सहा महिन्यांच्या बाळाचं आहे. या वयात छातीचा घेर साधारण ४० ते ४३ सेंमी असतो. स्वेटरचा घेर आपण ५० सेंमी ठेवतोय. हे ढगळ वाटेल, पण स्वेटर आतल्या कपड्यांवर चढतो आणि झोपलेल्या बाळाचा हात बाहीत घालताना ती सैल जागाच उपयोगी पडते. थोडा मोठा झालेला स्वेटर बाही दुमडून घालता येतो, लहान झालेल्याचं काही करता येत नाही.

२. लोकर निवडताना

वेष्टणावर ‘डीके’ किंवा ‘डबल निटिंग’ लिहिलेली मध्यम जाडीची लोकर घ्या. स्वेटरला शंभर ग्रॅमच्या आसपास लागते, पण आधी विणून मोजायचा नमुन्याचा तुकडा आणि उसवाउसवी धरून दीडशे ग्रॅम एकदमच आणा. एकदम का? वेष्टणावर रंगाच्या क्रमांकाशेजारी रंगाईच्या खेपेचाही क्रमांक असतो. सगळ्या गुंड्यांवर तो एकच असायला हवा. वेगळ्या खेपेचा तोच रंग हातात घेतल्यावर सारखा दिसतो, आणि विणल्यावर अर्ध्या पाठीवर पट्टा उमटतो.

ॲक्रिलिकची बेबी लोकर मऊ आणि टिकाऊ असते, वारंवार धुतलेली चालते, आणि पहिल्या स्वेटरला माझं मत तिलाच. मेरिनो (मेंढीची लोकर) ऊबदार असते, पण वेष्टणावर मशीनमध्ये धुता येते असं लिहिलेलं नसेल तर गरम पाणी आणि घासणं याने ती आकसून नमद्यासारखी घट्ट होते. सुती धागा थंडाव्याला बरा, मात्र त्याला ताण नसतो, त्यामुळे नवख्या हाताचे वेडेवाकडे टाके त्यात लपत नाहीत. मोहेर आणि अंगोरा या केसाळ लोकरी बाळासाठी नकोच, कारण त्यांचे केस सुटून नाकातोंडात जातात.

मऊपणा बोटांनी तपासू नका. बोटं राठ असतात. गुंडा मानेला, हनुवटीखाली मिनिटभर लावून धरा. तिथे टोचला तर बाळालाही टोचणार.

आणि रंग फिकट किंवा मध्यम घ्या. गडद निळ्या-काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत, आणि पहिल्या स्वेटरला ते दिसणं फार गरजेचं आहे.

३. सामान

- ४ मिमीची गोल सुई (दोन सुया तारेने जोडलेल्या), तार ८० सेंमी लांबीची
- लोकर, मापायला टेप आणि कात्री
- मोठ्या नेढ्याची, बोथट टोकाची शिवायची सुई
- वेगळ्या रंगाचा हातभर धागा (टाके ओवून ठेवायला आणि खुणेला)
- सुटलेले टाके उचलायला क्रोशाची सुई
- चार सपाट बटणं, साधारण १२ मिमी
- वही-पेन्सिल

गोल सुई ऐकून घाबरू नका, आपण गोल विणणार नाही. एका टप्प्यावर सुईवर ११० टाके येतात. ते सरळ सुईवर दाटीवाटीने बसतात आणि टोकावरून घरंगळतात. तारेवर ते निवांत राहतात. विणायचं मात्र सरळ सुयांसारखंच: ओळ संपली की काम उलटवायचं आणि परत यायचं.

सुईच्या नंबराचा घोळ नीट समजून घ्या. जुन्या ब्रिटिश पद्धतीत ४ मिमी म्हणजे ८ नंबर, आणि नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. अमेरिकन पद्धतीत तीच सुई ६ नंबरची, आणि तिथे नंबराबरोबर सुई जाड होते. नंबर सांगून सुई मागू नका, मिलिमीटर बघा.

४. नमुन्याचा तुकडा

ही पायरी सगळे गाळतात. मीही गाळली होती.

२४ टाके घाला आणि प्रत्येक ओळ सुलट विणत ४८ ओळी करा. प्रत्येक ओळ सुलट विणली की कापडावर शेतातल्या सरी-वरंब्यासारख्या आडव्या रेघा उठतात. दोन ओळींचा एक वरंबा. या विणीला गार्टर म्हणतात, आणि ती दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. तुकडा धुऊन वाळवा, सपाट ठेवा, काठ सोडून मधे मोजा. आपल्याला १० सेंमीत २० टाके आणि २० वरंबे हवेत.

टाके २० पेक्षा जास्त भरले तर तुमचा हात घट्ट आहे, जाड सुई घ्या. कमी भरले तर बारीक घ्या. ‘दोन टाक्यांनी काय होतंय?’ असं वाटतं. १० सेंमीत २२ टाके भरत असतील तर ५० टाक्यांची पाठ २५ऐवजी २२.७ सेंमी होते, आणि पूर्ण घेरात साडेचार सेंमी गेले. म्हणजे स्वेटर एका मापाने लहान झाला. टाके जुळले आणि वरंबे एक-दोनने इकडेतिकडे असले तर चालवून घ्या, लांबी टेपने मोजता येते.

सेंमीला दोन टाके आणि दोन वरंबे हे प्रमाण मुद्दाम निवडलं आहे. पुढे माप बदलावंसं वाटलं तर हिशेब तोंडी होतो: पाठ दोन सेंमी रुंद हवी तर चार टाके जास्त, म्हणजे प्रत्येक खांद्याला आणि प्रत्येक पुढच्या भागाला दोन-दोन. लांबी तीन सेंमी जास्त हवी तर सहा वरंबे.

५. पाठ

लांब शेपटी (धाग्याचं मोकळं टोक) सोडून टाके घालत असाल तर शेपटी रुंदीच्या तिप्पट धरा आणि वर थोडी: पाठीसाठी ९० सेंमी पुरते. ५० टाके घाला. टाके सैलसर घाला. घट्ट घातलेला काठ नंतर ताणत नाही आणि स्वेटर खाली आवळल्यासारखा दिसतो. हात घट्टच पडत असेल तर फक्त टाके घालायला एक माप जाड सुई वापरा.

आता सगळ्या ओळी सुलट. तिसरी ओळ सुरू करताना जी बाजू तुमच्यासमोर आहे, तिच्यात रंगीत धाग्याचा तुकडा अडकवून ठेवा. ही सुलट बाजू. वीण दोन्हीकडून सारखी दिसत असल्याने ही खूण नसेल तर गळ्यापाशी हमखास गोंधळ होतो. खूण समोर असेल तर तुम्ही विषम ओळीवर आहात, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

६० ओळी, म्हणजे ३० वरंबे, विणा. १५ सेंमी झाले.

इथे नवख्यांना गाठणारे तीन सापळे आहेत.

टाके आपोआप वाढतात. ५० घातलेले टाके दहा ओळींनंतर ५३ होतात. बहुतेक वेळा दोष ओळीच्या पहिल्या टाक्याचा असतो: धागा सुईच्या वरून मागे गेला की पहिला टाका ओढला जाऊन त्याचे दोन पाय वर येतात, आणि आपण ते दोन टाके समजून विणतो. ओळ सुरू करताना धागा सुईच्या खालून मागे न्या. दर चार ओळींनी टाके मोजा.

अर्ध्या ओळीत उठलात. बाळ रडलं, फोन वाजला, आणि परत आल्यावर काम उलट दिशेने सुरू केलं. शक्यतो ओळ पुरी करून उठा. नाहीच जमलं तर हे लक्षात ठेवा: गुंड्याकडे जाणारा धागा उजव्या हातातल्या सुईच्या टाक्याला लागलेला असतो.

धागा संपला. नवा गुंडा ओळीच्या सुरुवातीलाच जोडा, मधे नाही. दोन्ही टोकं बोटभर सोडून द्या, गाठ नको. गाठ बाळाला टोचते आणि कधीतरी सुटतेच.

आणि हो, एखादा टाका सुईवरून सुटला तर काम ओढू नका. जिथे आहे तिथे क्रोशाच्या सुईने पकडा. तो तीन-चार ओळी खाली उतरला असेल तर नवख्याने सरळ तेवढं उसवावं. गार्टरमध्ये टाका वर चढवताना एकदा पुढून, एकदा मागून काढावा लागतो, आणि चुकला की तो डाग कायम दिसतो.

६. बाह्या

काही जणी बाह्या वेगळ्या विणून मुंढ्याला जोडतात. जोडणी सफाईदार यायला बराच सराव लागतो, म्हणून आपण त्या पाठीबरोबरच विणतोय.

६१व्या ओळीच्या सुरुवातीला ३० टाके नवीन घालायचे. इथे शेपटी नसते, त्यामुळे विणून टाके घाला: पहिल्या टाक्यात सुई खुपसून सुलट विणल्यासारखा फास ओढायचा, पण टाका न सोडता तो फास डाव्या सुईवर चढवायचा. असे तीस. मग पूर्ण ओळ सुलट. उलटवा, दुसऱ्या टोकालाही ३० घाला, पूर्ण ओळ सुलट. आता सुईवर ११० टाके आहेत. मोजा. खरंच मोजा, कारण पुढचा सगळा हिशेब या आकड्यावर आहे.

आणखी ३८ ओळी विणा. बाह्या सुरू झाल्यापासून ४० ओळी, २० वरंबे, १० सेंमी. खूण समोर आली पाहिजे. आली नसेल तर एक ओळ कमी-जास्त झाली आहे.

हा भाग कंटाळवाणा आहे. ११० टाक्यांची ओळ संपता संपत नाही. पण एकूण टाक्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश इथेच असतात.

७. गळा

४५ टाके सुलट विणा. पुढचे २० टाके बंद करा. उरलेले सुलट विणून ओळ पुरी करा.

यातली खाच अशी: विसावा टाका बंद झाल्यावर उजव्या सुईवर एक टाका उरतो. तो पुढच्या ४५ मधला पहिला आहे, म्हणून त्यानंतर ४४ विणायचे. शेवटी दोन्हीकडे ४५-४५ हवेत. बंद करताना हात सैल सोडा, घट्ट गळा मानेला काचतो.

सुरुवातीचे ४५ टाके रंगीत धाग्यात ओवून बाजूला ठेवा. धाग्याची टोकं एकमेकांना बांधा.

८. पहिला पुढचा भाग (बटणांचा)

तुम्ही आता बाहीच्या टोकाशी आहात. उलटवा आणि १५ ओळी विणा. पंधरावी संपते तेव्हा तुम्ही गळ्यापाशी असता. उलटवून १२ टाके नवीन घाला आणि पूर्ण ओळ विणा: ५७ टाके. हे बारा म्हणजे पुढच्या गळ्याची अर्धी बाजू आणि एकावर एक येणारी पट्टी.

आणखी २४ ओळी विणा. बाहीच्या टोकाशी पोहोचलात की ३० टाके बंद करा. बाही संपली. उरलेले २७ टाके ३० वरंबे होईपर्यंत विणा. इथे ओळी मोजत बसू नका. काम खांद्यावर दुमडा आणि पाठीला लावून बघा. दोन्ही काठ जुळले की सैल हाताने टाके बंद करा आणि धागा तोडा.

बटणांची बाजू आधी विणण्याचं कारण आहे. ती तयार झाली की काजं कुठे यायला हवीत ते समोर दिसतं.

९. दुसरा पुढचा भाग (काजांचा)

ओवून ठेवलेले ४५ टाके सुईवर घ्या. उलटी बाजू समोर, म्हणजे खूण पलीकडे. गळ्याच्या कडेला नवा धागा जोडा आणि १४ ओळी विणा. पहिल्या बाजूपेक्षा एक कमी, कारण इथे आपण गळ्यापासून सुरू केलं. आता परत गळ्यापाशी आहात. १२ टाके घाला, पूर्ण ओळ विणा, ५७. मग २४ ओळी, मग बाहीचे ३० बंद, मग उरलेले २७, सगळं पहिल्यासारखं.

फरक फक्त काजांचा. नवे १२ टाके घातल्यावर दोन वरंबे झाले की पहिलं काज, पुढे दर दहा वरंब्यांनी एक, अशी चार. काज नेहमी पुढच्या काठापासून सुरू होणाऱ्या ओळीत करायचं: दोन टाके सुलट, धागा पुढे आणून सुईवरून आडवा घ्या, पुढचे दोन टाके एकत्र सुलट, बाकी ओळ नेहमीसारखी. परतीच्या ओळीत तो आडवा धागाही टाका म्हणून विणा. टाक्यांची संख्या २७च राहते (वर असाल तर ५७), आणि मधे छोटं भोक तयार होतं.

पहिलं काज झालं की लगेच बटण घालून बघा. सहज सरकत असेल तर ते सारखं निसटणार, थोडं मोठं बटण शोधा. चौथं काज खालच्या काठापासून पाचेक सेंमी वर राहतं. खालचा भाग उघडा राहू द्या, तिथे डायपरचा फुगवटा असतो.

१०. शिवण

स्वेटर खांद्यावर दुमडा. बाहीच्या टोकापासून बगलेपर्यंत आणि बगलेतून खालच्या काठापर्यंत एक सलग शिवण, अशा दोन.

दोन्ही काठ शेजारी-शेजारी सपाट ठेवा, एकावर एक नको. मोठ्या नेढ्याच्या सुईत तीच लोकर ओवून एका काठावरच्या वरंब्याचा टाका उचला, मग समोरच्या काठावरचा. वरंब्यासमोर वरंबा. चार-पाच टाके सैल घालून मग धागा हलका ओढला की काठ चेन लावल्यासारखे जुळतात. बगलेच्या कोपऱ्यात दोन टाके जास्त घाला, ताण तिथेच येतो. वरून धावदोरा घालून शिवलंत तर आत जाड कड उठते आणि ती नेमकी बाळाच्या काखेत घासते.

मग सगळी सुटी टोकं. प्रत्येक टोक उलट्या बाजूने चार-पाच सेंमी एका दिशेने आणि थोडं परत उलट दिशेने ओवा, मग कापा. आत लोंबता धागा ठेवू नका. बाळाचं बोट त्यात गुंडाळलं जाऊ शकतं, आणि ते पटकन लक्षात येत नाही.

११. बटणं आणि धुणं

बटणं लोकरीने नाही, मजबूत शिवणदोऱ्याने लावा. मागे कापडाचा छोटा तुकडा धरलात तर वीण ओढली जात नाही. लावून झाल्यावर जोर लावून ओढून बघा. बाळ काय, मिळेल ते तोंडात घालणारच, आणि निघालेलं बटण घशात अडकतं. म्हणून प्रत्येक धुण्यानंतर ती पुन्हा ओढून पाहा.

गळ्याला नाडी, गोंडा, रिबन काहीही लावू नका, कितीही गोड दिसत असलं तरी. जाळीची वीणही या वयात टाळलेली बरी, बोटं अडकतात.

पहिल्यांदा घालण्याआधी स्वेटर कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सपाट पसरून वाळवा. दोरीवर टांगला तर गार्टरची वीण पाण्याच्या वजनाने लांबत जाते आणि बाह्या गुडघ्यापर्यंत येतात. ॲक्रिलिक असेल तर इस्त्री अजिबात नको. उष्णतेने त्याची फुगीर वीण चपटी पडते आणि मग ती कशानेही पूर्ववत होत नाही.

उरलेल्या लोकरीतून हातभर धागा आणि एक जादा बटण पाकिटात घालून ठेवा. पाकिटावर लोकरीचं वेष्टण चिकटवा. कोपराला भोक पडेल तेव्हा तो रंग दुसरीकडे सापडणार नाही.